नळी लावून ऐकणारे कान

इटलीतल्या मोडेना शहरात, कानांच्या दवाखान्यात इलारिया तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी एक म्हातारा आणि त्याची बायको डिर्चे.

"बारा सिलिंडरची रेसची इंजिनं या कानांनी जुळवली मी, डिर्चे. रबरी नळी कानाला लावायची आणि सगळ्या कार्बोरेटरांचा श्वास सारखा होईस्तोवर स्क्रू फिरवायचा. आता मला कानाचं यंत्र?"

"काल नातीनं दारातून चारदा हाक मारली, ओरेस्ते. रडत परत गेली."

"बारीक बोलते ती."

"चार वर्षांची आहे. गुरगुरेल कशी?"

"गल्लीच्या तोंडाशी गाडी आली तरी कळतं मला."

"नात काही गाडी नाही."

नर्सनं ओरेस्तेचं नाव पुकारलं. बाळानं मान वळवली. म्हातारा तसाच बसून.

"ऊठ, बोलावलंय."

"मोठ्यानं बोलावलं?"

"मोठ्यानं."

त्यानं टोपी उचलली.

"मग चल."