नावं उडालेले फोटो

छातीतल्या गाठीचा रिपोर्ट न्यायला पंचेचाळीस वर्षांची सिंधु कंधारहून लातूरच्या एका लॅबमध्ये आली होती. बाकड्यामागच्या पडद्याआड लॅबचा कॉम्प्युटरवाला अमरेश आणि काउंटरवरची वर्षाराणी बोलत होते, आणि सिंधुचे कान तिकडंच लागले होते.

“बॅकअपच्या सर्व्हरची दुरुस्ती चालू होती. वायर कुणी काढली?”

“मीच, सर. तासभर एकाच जागी अडकलं होतं, मला वाटलं बंद पडलं.”

“अडकलं नव्हतं मॅडम, काम करून राहिलं होतं!”

“मग गाठींचे फोटो गेले का सगळे?”

“फोटो हायेत. फाईलींची नावं उडाली, नुसते आकडे राहिले. कोणता फोटो कुणाचा, आता देवालाच ठाऊक.”

“पण सर, डॉक्टरांनी त्यावरूनच रिपोर्ट लिहिले. नावं मी टाकली.”

“कशावरून टाकली?”

“फोटोच्या कोपऱ्यात वय असतंय ना, त्यावरून.”

“आणि एकाच वयाच्या दोघी असल्या तर?”

“सर, हळू बोला. बाहेर पेशंट बसलेत.”

थोड्या वेळानं वर्षाराणी पाकीट घेऊन बाहेर आली.

“सिंधुताई, साधी गाठ हाय. काही भ्यायचं कारण न्हाई.”

सिंधुनं पाकीट घेतलं, पण उघडलं नाही. शेजारी बसलेल्या उदगीरच्या गौरम्मानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“सुटलीस बाई. आता माझ्या गाठीचं काय निघतंय, बघू.”

“अक्का, वय किती तुमचं?”

“पंचेचाळीस. का गं?”