लेखी नकार

...नाही, तुम्हीच सांगा, ‘नाही’ म्हणायला माणसाला काय लागतं? तोंड! आणि ते लिहून द्यायचं म्हटलं की हातच चालत नाही कुणाचा! आता आमची ताई. शिंपीकाम करते. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, म्हणजे माझ्यावर हुकूम चालवायला जन्मलेली. तिच्या हृदयाची झडप लहानपणापासून अरुंद. पण तक्रार? छे! हल्ली मात्र दोन शर्ट शिवले की धाप, जिना अर्धा चढली की बैठक. डॉक्टर म्हणाले, “चार-सहा महिन्यांत झडप बदलायला हवी.” ताई म्हणाली, “बदला की. जुनी चेन आम्हीसुद्धा बदलतोच.” पण त्याला पैसा कुठून आणायचा?

गेलो सरकारी विम्याच्या कचेरीत. पहिली खिडकी कमी उत्पन्नवाल्यांची. तिथे कळलं, ताई गरीब आहे, पण पुरेशी नाही! थोडक्यात हुकली. दुसरी खिडकी धोक्याच्या दुखण्यांची. ज्यांना खाजगी कंपन्या दारात उभं करत नाहीत, त्यांना सरकार विमा देतं. मी म्हटलं, चला, सुटलो! कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, “कंपनीनं नाकारलंय?”

“तीनदा!” ताई ऐटीत म्हणाली.

“लेखी आणा.”

आता आली का पंचाईत? तिन्ही वेळा नकार फोनवर, तोही गोड आवाजात! लेखी कुठून आणायचं?

मग काय, ताई निघाली नकार मागायला. लोक नोकरी मागतात, मुलगी मागतात... ही नकार मागायला! मागे मी, दुकानाला कुलूप लावून. हो, मी न्हावी. दोन गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीवर ठेवून आलो होतो म्हणा! विमा कंपनीची काचेची कचेरी, आत हुडहुडी भरेल असा गारवा, आणि समोर टाय लावलेला नवाकोरा तरुण. “मॅडम, आमच्याकडे ‘नाही’ हा शब्दच नाही!”

“अरे देवा,” ताई म्हणाली, “मग मागवून घ्या!”

तो कसला ऐकतोय! म्हणाला, “आपण हृदय सोडून बाकी सगळ्याचा विमा उतरवू.” हृदय सोडून! ताईनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “बाळा, गळा सोडून सदरा शिवला, तर गिऱ्हाईक डोकं कुठून घालील?”

मग आले मॅनेजर. “बाई, आमची पद्धत नाही. तोंडी सांगितलंय ना?”

“तोंडी काय कामाचं? लेखी पाहिजे!” आणि बसली की हो ताई तिथल्या गालिच्यावर, चांगली मांडी घालून! “इथे थांबते. माझी झडप कधी बंद पडेल, डॉक्टरलाही सांगता येत नाही. इथेच काही झालं, तर तुम्हालाच लेखी द्यावं लागेल... पोलिसांना.”

तुम्हाला सांगतो, चौथ्या मिनिटाला पत्र तयार! ‘आपल्या हृदयविकारामुळे विमा देता येत नाही, याचा आम्हाला खेद वाटतो.’ ताई म्हणाली, “खेद कशाला? मला आनंदच आहे. शिक्का मारा!”

परत सरकारी खिडकीवर. कारकुनानं पत्र दोनदा वाचलं, उजेडात धरलं आणि हळूच म्हणाला, “ताई, हे असं लेखी आजवर फारच थोड्यांनी आणलंय.”

तरी विम्याचं कार्ड यायला चाळीस दिवस लागले. ते दिवस विचारू नका! ताईचे पाय सुजले, मशीन थांबलं. मशीन थांबलं की घर कसं भुतासारखं गप्प होतं... मी तिच्याकडे बघायचो, ती ओरडायची, “धाकट्या, तोंड काय पाडतोस? मेले नाहीये अजून, आणि मरणार असले तर लेखी कळवीन!”

कार्ड आलं, झडप बदलली. पाच तास मी बाहेरच्या बाकड्यावर. शुद्धीवर आल्यावर ताईनं काय विचारलं? “टाके कुणी घातले?” सर्जनबाई पुढे आल्या. चार दिवसांनी पट्टी निघाली, तेव्हा ताई आरशात बघून त्यांना म्हणाली, “टाका जरा लांब पडलाय, पण हात सरळ आहे तुमचा.” त्या माउलीनं चक्क मान लववली!

आता ताई तीन मजले न थांबता चढते. परवा अशीच चढून माझ्या घरी आली आणि मला तपासणीला ओढत घेऊन गेली. रक्तात साखर निघाली, चांगली भरपूर! माझा चेहरा उतरला. आणि ताई? तिनं भर दवाखान्यात माझ्या पाठीवर थाप मारली, “शाब्बास रे धाकट्या! आता तुलाही कुणी विमा देणार नाही!”

पंचेचाळीस वर्षं वाट बघितली हो मी त्या शाब्बासकीची... मिळाली, ती ही अशी!