दिनकरचा माळ

बसा मंडळी, बसा. म्हाताऱ्यासाठी उठू नका. भिंगारचे शेजारी आलेत, दिनकरचे विद्यार्थी आलेत, माळापलीकडच्या वस्तीवरच्या बायाही कामाचा खाडा करून आल्यात. खरं तर मी आधी जायचं आणि त्यानं इथं उभं राहून माझ्याबद्दल चार शब्द बोलायचे, असं मी मनाशी धरून चाललो होतो. उलटं झालं. आता जमेल तसं बोलतो.

मी त्याचा पाचवीचा मराठीचा मास्तर. तेव्हा सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा. काय ते सूर, काय त्या दुपारी! दिनू मागच्या खिडकीशी बसे. ओठ हलत, पण नजर चौकटीवर. एकदा छडी घेऊन जवळ गेलो. चौकटीवरून मुंग्यांची रांग चालली होती आणि कवितेच्या एका चरणात किती मुंग्या खिळा ओलांडतात, ते हा मोजत होता. म्हणाला, "गुरुजी, सकाळपेक्षा दुपारी एका चरणात जास्त जातात." मी छडी परत ठेवली. आयुष्यात शहाणपणाची कामं मी थोडीच केली, त्यातलं हे एक.

पुढे तो पुण्याला शिकला, डॉक्टरेट मिळवली. मोठ्या ठिकाणची बोलावणी आली, ती नाकारून इथं आला, या कॉलेजात. का? तर भिंगारच्या माळासाठी. तिथल्या मुंग्या गवताचं बी साठवतात आणि ऊन तापायच्या आत दार लावून घेतात. त्याच जातीच्या कालव्याकाठच्या मुंग्या दुपारपर्यंत बाहेर. ही सवय रक्तातून येते, की शेजारणीकडून शिकतात? त्यानं कोशातली पिल्लं इकडची तिकडे नेऊन ठेवली. प्रत्येक वारुळाभोवती चुना फासलेल्या दगडांचं कडं केलं. अकरा वर्षं तो आणि वत्सला, त्याची बायको, पहाटे माळावर जाऊन बसत. आणखी दोन पावसाळे हवे होते फक्त.

अध्यक्षमहाराज, आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही त्याचे विभागप्रमुख. मघाशी डोळे पुसत म्हणालात की दिनकर तुम्हाला धाकट्या भावासारखा होता. मग या धाकट्या भावाला, निबंधावर माझं नाव आधी घाल, असं कुणी म्हटलं होतं? आणि तो काय म्हणाला होता, आठवतं? "साहेब, तुम्ही माळावर एकदाही आला नाहीत."

त्यानंतर महिन्याभरात दुष्काळी काम निघालं. बंधाऱ्याला मुरूम कुठून काढायचा, हे अधिकाऱ्यांनी तुम्हाला विचारलं. ओढ्यापलीकडे हवा तेवढा मुरूम होता. तुम्ही बोट दाखवलंत ते दिनकरच्या माळाकडे.

आणि तिथं काय झालं, ते इथं बसलेल्या या बायांना विचारा. पांढऱ्या दगडांची कडी पाहून त्यांनी टिकाव खाली ठेवले. कुणी हळद वाहिली, कुणी कुंकू. देवाच्या जागेवर टिकाव घालणार न्हाई, म्हणाल्या. तीन दिवस काम अडलं. मी दिनूला म्हटलं, अरे, गप्प बस, राहू दे त्यांचा देव. आयती राखण मिळालीय. चौथ्या दिवशी ही आपली सखूबाई, त्या खांबाजवळ बसलीय, तिनं त्याला तोंडावर विचारलं, देव हाय का न्हाई? एक हो म्हणायचं होतं त्यानं.

तो म्हणाला, "देव नाही, बाई. मुंग्या आहेत."

"देव न्हाई, पर घर तर हाय ना कुनाचं?"

"आहे. पण हजेरी बुडतीय तुमची. खणा."

दिवसभर तो तिथं उभा होता. वारुळांतून ओंजळ ओंजळ बी निघालं, ते बायांनी पदरात बांधलं. त्यानं तेही वहीत टिपलं. डॉक्टर म्हणतात, तो काविळीनं गेला. मी डॉक्टरांशी वाद घालत नाही.

मघाशी तुम्ही जाहीर केलंत, की दिनकरच्या वह्या तुम्ही ताब्यात घेऊन, तुमच्या नजरेखाली त्याचं काम पुरं करणार. त्या वह्या या पिशवीत आहेत, साहेब. गेल्या महिन्यात त्यानं स्वतः आणून दिल्या. शेवटच्या वहीचं शेवटचं पान वाचतो. शब्द त्याचे, मुंग्यांबद्दल लिहायचा तसेच.

"सकाळी दहा वीस. ऊन कडक. जीप आली. विभागप्रमुख उतरले नाहीत. वारूळ सात फुटताना सुमारे पाच मिनिटं पाहिलं. हसले. काच वर केली. परत गेले."

बस. एवढंच. एक शिवी नाही. मला चिडून शंभर ओळी सुचल्या असत्या; त्यानं तुमची नोंद केली. आणि ही नोंद छापली जाणार आहे, साहेब, वेळेसकट, त्याच्या कामाच्या शेवटच्या पानावर. तुमचं नाव निबंधात हवं होतं ना? येईल.

वत्सला, ये पोरी. पुढे ये. या घे वह्या. अकरा वर्षांतली निम्मी मोजणी तुझ्या हातची आहे. वर नावं दोनच राहतील, त्याचं आणि तुझं. कुणी मागायला आलं, तर या सगळ्यांसमोर दिल्यात म्हणून सांग.

मंडळी, आता दिनकरसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या. सखूबाई, तुम्हीही उठा, इकडे पुढे या. अध्यक्षमहाराज, तुम्ही उठू नका. तुम्ही बसूनच राहा.