लेकीच्या गावचं पाणी

चांगुणाबाई : आधी बसा तरी, इवाई. पंचायत समितीचे सभापती आमच्या दारात असे हुबे ऱ्हायले तर गाव म्हनंल, इहीनबाईनं हाकलून दिलं.

मनकर्णा : आत्याबाई, त्यांचं तोंड बघा की. मला कळलं काय झालं ते. आप्पा, झाला ना ठराव?

आसाराम : मनू, जरा दम खा. सांगतो.

मनकर्णा : काय सांगनार? कारखान्याचं घान पानी आमच्या वढ्यात सोडायला कायमची मंजुरी दिली, हेच ना? दिवाळीत तात्पुरती दिली, तवापास्नं इहिरीचं पानी कडू झालं. दिसाया नितळ, पन म्हैस तोंड लावंना. मला आजच माहेरी घिऊन चला. पोटूशी हाय मी. हे पानी पिऊन लेकरू वाढवनार न्हाई.

आसाराम : अगं, पन…

मनकर्णा : किती डाव सांगितलं तुमाला. तुमी हसलात. म्हनला, लेकींना माहेरी यायला निमित्तच लागतं.

आसाराम : म्हनलो, व्हय. यंदा सारा तालुका कोरडा ठाक. टँकरमागं बाया पळत्यात. आन तुमचा वढा वाहतोय, इहिरी भरल्यात. मला वाटलं, देवानं दिलं ते ह्यांना सोसंना. त्यात तुमचा सरपंच दुसऱ्या पार्टीचा. त्याचं वरडनं मी राजकारनात धरलं.

चांगुणाबाई : आन आमी काय पार्टी बघून पानी पितो व्हय?

आसाराम : तसं न्हवं, इहीनबाई. ह्या घरी मी कितीदा आलो, पन कधी घोटभर पानी प्यालो? लेकीला लेकरू व्हईस्तवर बापानं तिच्या गावचं पानी प्यायचं न्हाई. मी तर तुमची शीव वलांडली की चूळ बी भरत न्हाई. मग चव कळावी कशी?

मनकर्णा : ते ऱ्हाऊ द्या. सभेत काय झालं ते सांगा.

आसाराम : तुमचा सरपंच घागर घिऊन आल्ता. ठेवली की टेबलावर! म्हनला, "मंजुरीला ज्याला हात वर करायचाय, त्यानं आधी ह्यातलं गलासभर प्यावं." आन पैला गलास माझ्याफुडं.

चांगुणाबाई : अगं बाई! मग?

आसाराम : मी बाजूला सारला. म्हनलो, मला चालत न्हाई. मागनं एक जन बोलला, "घ्या! सभापतींना ठावं हाय पानी कसं हाय ते." माझं डोकं फिरलं. उठून सांगाया लागलो, अरे, माझी लेक दिलीय त्या गावात, रीत हाय आमची. आन बोलता बोलता जीभच अडकली.

मनकर्णा : का?

आसाराम : लेक दिलीय त्या गावात, असं मीच माझ्या तोंडानं म्हनलो ना. लेक रोज तेच पिती, आन बाप चारचौघांत रीत सांगतोय. लाज वाटली गं मनू.

(मनकर्णा त्यांच्याजवळ येते.)

मनकर्णा : आप्पा… प्यालात?

आसाराम : प्यालो. दुसरा घोट गेला न्हाई. कसं गिळतीस गं रोज?

चांगुणाबाई : गुळाचा खडा तोंडात धरून. दुसरं काय करनार?

मनकर्णा : आन ठराव?

आसाराम : पाडला. पैला इरोधाचा हात माझा. समितीची संमती नसंल तर वढ्यात थेंब सोडायचा न्हाई, असं कलेक्टरसाहेबांनी कारखान्याला बजावलंय. आता कुनाची इहीर न्हाई, वस्ती न्हाई, अशी जागा आमी ठरवू, तिथंच त्यांनी पानी न्यायचं. हितनं फुडं वढ्याच्या वरल्या अंगाच्या गावात कारखाना-बिरखाना काय बी काढायचं झालं तरी आधी खालच्या गावाला इचारायचं, हे बी लिहून घेतलं. कारखान्याचा वढ्याकडचा पाट उद्या बंद. इहीर उपसाया समितीचं इंजिन यील, आन चांगलं पानी लागंस्तवर टँकर.

मनकर्णा : मग असं सुतकी तोंड करून का आलात वो? जीव गेला हुता माझा! आत्याबाई, ऐकलं का? पाडला ठराव! बघा, मला रडूच यायलंय.

आसाराम : रीत मोडली ना गं. तू पहिलटकरीन. माझ्यापायी तुला काय झालं तर? जीपमदी सारी वाट हेच मनात.

चांगुणाबाई : इवाई, तालुका चालवता आन एवढं कळंना? आमच्या घरचं कुठं प्यालात? सरपंचाच्या घागरीतलं प्यालात, ते बी तिकडं तालुक्याला, राहुरीच्या सभेत बसून. दोष लागलाच तर सरपंचाला लागंल. आन तो तसा बी तुमच्या पार्टीचा न्हाई.

आसाराम : हसतीस काय मनू? हस, हस बाई. लई दिसांनी हसलेली बघतोय. आन कपडे बांध. जीप भाईर हुबी हाय, इहीर साफ व्हईस्तवर चल माझ्यासंगं.

मनकर्णा : आज नगं, आप्पा. सातव्यात या, ओटी भरून न्या. आज मला हितंच बरं वाटतंय.