घासलेलं तांबं

ज्ञानू: आन् बाहेरनं कुणी हाका मारल्या तरी उघडायचं न्हाई. कुलूप आतनं लावलंय म्या. किल्ली माझ्या खिशात.

शेफाली: एहसानभाई, हे कोण?

एहसान: ज्ञानू, मॅडम. भट्टीवर असतो. हनुमंतचा धाकटा भाऊ.

शेफाली: हनुमंत म्हणजे तो...

ज्ञानू: त्योच. तुमच्या डाव्या हाताला काळा सांगाडा हाय ना, त्या विजेच्या पॅनेलसमोर उभा व्हता. खटका पाडाय गेला आन् फुटलं. कातडी टोपीला चिकटून आली. काल संपला दवाखान्यात.

शेफाली: काल? मला कुणी सांगितलं नाही. कंपनीतून फोन आला, दुसरं पॅनेल तपासून जा म्हणाले.

ज्ञानू: मग तपासा की. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हाच उष्णता मोजायचा क्यामेरा घिऊन आल्ता ना तुमी? काय सांगितलं व्हतं?

शेफाली: सगळे जोड थंड आहेत. चालवायला हरकत नाही.

ज्ञानू: एहसानभाई, ह्या दुसऱ्याचं दार उघड.

एहसान: आधी ती सळई खाली ठेव.

ज्ञानू: उघड म्हनलो ना!

एहसान: उघडतो, उघडतो. मॅडम, तुम्ही लांबच राहा.

ज्ञानू: लावा क्यामेरा. मोठ्यांदा सांगा.

शेफाली: तांब्याची पहिली पट्टी एक्केचाळीस अंश. दुसरी बेचाळीस. जोडावर... बेचाळीसच.

ज्ञानू: म्हंजे गार.

शेफाली: हो.

ज्ञानू: मग हे हातमोजे घाला आन् जोड पकडा.

शेफाली: काय?

ज्ञानू: रबराचे हायेत. करंट लागत न्हाई. मला तुमाला मारायचं न्हाई, बाई. भाजायचंय. तेबी गार नसंल तरच.

एहसान: येड लागलं का तुला? रबर वितळून हाताला बसंल!

ज्ञानू: का वितळंल? बेचाळीस हाय. उन्हातला पत्रा यापेक्षा तापतो.

मानसिंग (इंटरकॉमवर): हॅलो... ज्ञानूदादा? मानसिंग बोलतोय भट्टीवरनं. तू म्हनला तशी पार वर नेलीया. सुपरवायझर ओरडत्यात, सगळा लोड एका पॅनेलवर कशाला...

ज्ञानू: ओरडू दे. माझा आवाज आल्याबिगर उतरवायची न्हाई. कळलं का?

मानसिंग: कळलं, पण दादा...

ज्ञानू: ठिव फोन.

एहसान: पार वर? ज्ञानू, पहिल्याचा लोडपण ह्याच्यावरच आहे!

ज्ञानू: आसंना. बाई हायेत ना सांगाय, गार हाय म्हनून. हात करा पुढं.

शेफाली: मनगट सोडा. सोडा! दुखतंय!

एहसान: ज्ञानू, सोड तिला, तुला आईची शप्पथ... आं!

शेफाली: एहसानभाई! देवा, डोकं फुटलंय त्यांचं. तुम्ही माणूस आहात का?

ज्ञानू: न्हाई. कालपास्नं न्हाई. हात.

शेफाली: थांबा. थांबा, थांबा. यात... यात मी दिसतेय.

ज्ञानू: काय?

शेफाली: कॅमेऱ्यात. पट्टीवर माझी आकृती दिसतेय. हे बघा, मी हात हलवला की तीही हलवते. हे बेचाळीस पट्टीचं नाहीच. माझं आहे, तुमचं आहे, भिंतीचं आहे.

ज्ञानू: बनवू नका मला.

शेफाली: तांबं आरशासारखं चकचकीत केलंय कुणीतरी. असं तांबं स्वतःची उष्णता कॅमेऱ्याला देत नाही, समोरचं परतवतं. काळपट तांबं खरं सांगतं. आणि हा... हा लाल ठिपका काय आहे?

एहसान: कुंकू आहे ते. हळद-कुंकू. खंडेनवमीचं.

शेफाली: कुंकू चकाकत नाही. थांबा, त्याच्यावर धरते. एकशे... एकशे चौतीस.

ज्ञानू: आत्ता बेचाळीस म्हनला!

शेफाली: ठिपक्याच्या बाजूला बेचाळीस. ठिपक्यावर एकशे सदतीस. वाढतोय. पट्टी एकच आहे हो! मागच्या वेळीही मला दोन-तीन ठिपके चमकलेले दिसले होते. मला वाटलं काचेवर घाण आहे. मी रुमालानं काच पुसली.

ज्ञानू: पुसली.

शेफाली: हो.

ज्ञानू: रुमालानं पुसला माझा भाऊ.

एहसान: वास येतोय. ज्ञानू, वास घे. पहिल्याच्या वेळी असाच आला होता.

शेफाली: मेन खटका पाडा ना!

एहसान: ह्याच पॅनेलच्या आत आहे. भरल्या लोडवर पाडला तर तोंडावर फुटंल. हनुमंतचं तेच झालं. आधी भट्टी उतरायला पाहिजे. ज्ञानू, मानसिंगला फोन कर. तो तुझ्याबिगर कुणाचं ऐकणार नाही.

ज्ञानू: आधी सांग, घासलं कुणी?

एहसान: ते नंतर.

ज्ञानू: आत्ता! दोनी पॅनेल आरशावानी केली कुणी? त्याला हितंच, ह्या सळईनं...

एहसान: मी.

ज्ञानू: तू?

एहसान: मी घासली. मार.

शेफाली: नका! नका मारू त्यांना! खांदा... अहो, ते खाली पडलेत, आता तरी बास!

ज्ञानू: उठ! भावासंगं एका डब्यात जेवायचा तू! उठ!

एहसान: मार, पण फोन कर.

शेफाली: एकशे एकोणपन्नास. ऐका ना कुणीतरी!

ज्ञानू: तू घासलं? खंडेनवमीला?

एहसान: हां.

ज्ञानू: खंडेनवमीला तू भोरला व्हतास. तुझ्या पोरीचा, नुजहतचा साखरपुडा व्हता. आमी दोघं आल्तो की दुपारनं, बिर्याणी खाऊन गेलो. तू सकाळपास्नं मांडवातनं हलला न्हाईस. एहसानभाई, खोटं का बोलला मला?

एहसान: लोड बंद होता त्या दिवशी. मी साखरपुड्याला, म्हणून ह्या पॅनेलांची चावी हनुमंतकडं दिली. नुसतं झाडून हार घाल म्हनलो होतो. संध्याकाळी येऊन बघतो तर चिंच आणि राख लावून सगळ्या पट्ट्या घासलेल्या. बोटं सोललेली त्याची. म्हणाला, ज्या तांब्यावर घर चालतं ते काळं कसं पुजायचं. मला पण बरं वाटलं रे. छान दिसत होतं. मी कायच बोललो नाही.

ज्ञानू: दादानं?

एहसान: हां.

ज्ञानू: दादानं सोत्ताच...

(पॅनेलमधून तडतड ऐकू येते. दिवा मंद होऊन पुन्हा पेटतो.)

शेफाली: एकशे एकसष्ट. ज्ञानू, मी हात लावते. तुम्हाला हवा असेल तर माझा हात घ्या. पण आधी फोन करा.

ज्ञानू: फुटू दे.

एहसान: काय?

ज्ञानू: तिघंबी. फुटू दे हितंच. घरी जाऊन काय तोंड दाखवू?

एहसान: माझ्या पोरीचं लगीन आहे, ज्ञानू. तुझ्या दादानं तिला नथ घेऊन ठेवलीय. मला कळू द्यायचं नव्हतं त्याला. मला उभं राहता येत नाही, नाहीतर मीच तुझा आवाज काढून बोललो असतो. उचल रे. उचल फोन.

शेफाली: एकशे सत्तर.

ज्ञानू: मानसिंग.

मानसिंग: बोल दादा.

ज्ञानू: उतरव.

मानसिंग: किती?

ज्ञानू: सगळी. शून्यावर आन.

मानसिंग: आतला माल गोठंल की. साहेब मला...

ज्ञानू: गोठू दे रे! उतरव म्हनलो ना! उतरव, उतरव, उतरव!

मानसिंग: उतरवतोय, उतरवतोय. दादा, रडतो का तू?

शेफाली: तडतड थांबली. एकशे अडुसष्ट. एकशे पासष्ट. उतरतोय.

एहसान: अल्ला.

शेफाली: ही ओढणी डोक्याला दाबून धरा, एहसानभाई. ज्ञानू, दार उघडा. यांना नसरापूरला डॉक्टरकडे न्यायला हवं.

ज्ञानू: धोंडाबाई वहिनी कालपास्नं पान्याचा घोट घेत न्हाई. कुणी केलं, कुणी केलं, येवढंच इचारती. तिला सांगून आलो व्हतो, नाव घिऊनच येतो म्हनून.

एहसान: क्यामेरा चुकला म्हण.

ज्ञानू: क्यामेऱ्याला काय करंल ती? तिला माणूस पायजे.

शेफाली: माझं नाव सांगा.

एहसान: मॅडम, तुम्हाला कळत नाही, तिकडं डोंगरात भावकी मोठी आहे ह्यांची.

शेफाली: काच मीच पुसली ना. हनुमंतनी तांबं घासलं ते तिला कळायची गरज नाही. नुसतं नाव नका सांगू. मीच येते. यांना टाके घातले की निघू.

ज्ञानू: ती अंगावर धावून यील, बाई. केसाला धरंल. मी सोडवणार न्हाई.

शेफाली: नका सोडवू.