समित्यांची सिद्धता

इंजिनिअरिंगच्या पोरांना गणित समजत नाही असं कुणी म्हटलं, की मला अमरावतीचं पेपर तपासणी केंद्र आठवतं. शेतकरी आत्महत्यांची ती वर्षं होती आणि वऱ्हाडात समित्यांची नुसती रीघ लागली होती.

पेपरात इंडक्शनचा प्रश्न होता. म्हणजे, पहिल्या वेळी खरं आणि एकदा खरं असलं की पुढच्या वेळीही खरं, तर कायमच खरं. याचं स्वतःचं उदाहरण द्यायचं होतं. एका पोरानं लिहिलं, "पहिली समिती गावात आली आणि संत्री खाऊन गेली. पुढची प्रत्येक समिती आधीच्या समितीचा अहवाल वाचून तसंच करते. म्हणून प्रत्येक समिती संत्री खाऊन जाईल. सिद्ध झालं."

मी शून्य द्यायला निघालो, तेवढ्यात शेजारी बसलेले अकोल्याचे कुरेशी सर म्हणाले, "काहून? चूक दाखवा ना."

"सर, हे टिंगल करून राहिलं."

"टिंगलीचे मार्क कापता येत नाही. संत्री न खाता गेलेली एक समिती दाखवा, मी सोता शून्य देतो."

मी शेंदूरजनाघाटचा. लगेच म्हणालो, "आमच्याच गावची घ्या. त्या साली आमच्या बाबांची संत्र्याची सारी बाग वाळली होती. झाडाले एक फळ नव्हतं."

"मंग सायेब उपाशी गेले?"

मी लाल पेन खाली ठेवलं.

"नाही. नागपूरहून पेट्या मागवल्या. आणायले बाबाच गेले होते."

सरांनी लाल पेन माझ्यापुढे सरकवलं. "द्या पुरे मार्क."