ड्यूईच्या स्पीकरची चाचणी

अरे ऐका तर! टेनेसीतल्या तळ्यावर बोटी पाण्यात उतरवायला ही भली मोठी रांग. सगळ्यात पुढे ड्यूई आणि त्याची बायको टॅमी, मागे चौथ्या गाडीत त्याची सासू मार्लीन. बोटीमागे दोरी धरून फळीवरून पाण्यावर घसरत येणाऱ्यालाही गाणी ऐकू यावीत म्हणून ड्यूईनं बोटीच्या कमानीवर घरीच स्पीकर बनवून चढवलेले. बोटीवरचं आच्छादन काढलं, माइक तपासला आणि बंद करायला विसरला!

"ड्यूई, हे आईचे वाडगे आहेत?"

"होते. आता स्पीकर आहेत. स्टील आहे गं, गंजत नाही!"

"अरे, बटाट्याचं सॅलड ती यातच कालवते! उद्या चार जुलै, स्वातंत्र्यदिनाची मेजवानी, मागेल ना!"

"चोरीला गेले म्हण."

"मी का खोटं बोलू?"

"कारण मला तिची भीती वाटते!"

मागच्या गाड्यांनी पटापट इंजिनं बंद केली.

"हळू बोल, आई मागेच असेल."

"असू दे. तिला स्वतःच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही."

मार्लीन खाली उतरली, तरातरा चालत गेली आणि बोटीवर थाप मारली.

"ड्यूई बाळा, आवाज अगदी खणखणीत येतोय हं. आता सॅलड कशात कालवू, तेही माइकवरच सांग. मागे सगळे ऐकायला थांबलेत."